दोन दिवस आधी आलेला पेपर : दिव्यांग विद्यार्थी आणि परीक्षेचा इतिहास

(आपल्या पॉडकास्टच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे, फक्त वाचताना अडखळू नये म्हणून वाक्यं थोडी नीट केली आहेत.)

कुणी लोकलमध्ये उभं राहून ऐकत असेल, कुणी एसटीच्या खिडकीशी बसून, कुणी होस्टेलच्या गच्चीवर. आजचा विषय सगळ्यांच्याच ओळखीचा आहे. परीक्षा!

घाबरू नका, अभ्यास कसा करावा यावर भाषण नाही. आज आपण परीक्षेच्या हॉलमध्ये शिरणार आहोत, पण एका वेगळ्या दारानं. ज्याला पेपर दिसत नाही, ज्याचा हात पेन धरू शकत नाही, जिच्या डोळ्यांसमोर अक्षरं जागा बदलतात, अशा विद्यार्थ्यांनी परीक्षा द्यायची कशी, हा प्रश्न माणसांनी आजवर कसा सोडवला? आणि कुठे कुठे फसले? ही गोष्ट सव्वाशे वर्षांची आहे आणि सुरुवात होते अमेरिकेतल्या एका बंद खोलीतून.

उमेदवार क्रमांक २३३

साल १८९७. जून संपत आलाय. हार्वर्डची प्रश्नपत्रिका सकाळी ९ वाजता निघते आणि खास माणसाबरोबर रॅडक्लिफला पोचते. रॅडक्लिफ म्हणजे हार्वर्डशी जोडलेलं मुलींचं कॉलेज. तिथल्या प्रवेशपरीक्षेचा नियम असा, की उत्तरपत्रिकेवर नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक. तपासणाऱ्याला कळता कामा नये पेपर कुणाचा. आपल्याकडे सीट नंबर असतो ना, तेच.

एका मुलीचा क्रमांक होता २३३. पण तिचं नाव लपणं शक्यच नव्हतं. कारण सगळ्या मुलींनी पेपर हातानं लिहिला आणि हिनं टाइपरायटरवर. ही मुलगी म्हणजे हेलन केलर. वय १७. बाळपणीच्या आजारात दृष्टी आणि ऐकू येणं, दोन्ही गेलेलं.

तिला वेगळी खोली दिली होती. कारण ऐका : टाइपरायटरच्या खडखडाटानं बाकीच्या मुलींना त्रास होईल! म्हणजे वेगळ्या खोलीचा विचार तिच्या सोयीपेक्षा इतरांच्या सोयीसाठी झाला होता. पण त्याचा फायदा तिलाही झाला. दारावर एक माणूस बसवला, कुणी मध्ये येऊ नये म्हणून. तिच्या शाळेचे प्रमुख आर्थर गिलमन तिच्या तळहातावर बोटांनी एकेक अक्षर काढून प्रश्न सांगायचे. आधी अख्खा पेपर एकदा, मग एकेक वाक्य. ती उत्तर टाइप करायची. आणि मग गिलमन तिनं टाइप केलेलं तिला पुन्हा अक्षर अक्षर सांगायचे, म्हणजे चूक असेल तर तिला दुरुस्त करता यावी.

हे शेवटचं लक्षात ठेवा. आपण लिहिलेलं पुन्हा एकदा वाचायला मिळणं. डोळस विद्यार्थ्याला ही गोष्ट फुकटच मिळते, त्यामुळे ती ‘सोय’ आहे हे त्याला कळतही नाही.

त्या वर्षी केलर सगळ्या विषयांत पास झाली. जर्मन आणि इंग्रजीत तर विशेष प्रावीण्य मिळवून.

आणि मग १८९९

पण हा परीक्षेचा पहिला भाग होता. अंतिम भाग होता २९ आणि ३० जून १८९९ ला. यावेळी कॉलेजनं नियम कडक केले. तिची शिक्षिका ॲन सलिव्हन हिला पेपर सांगायला परवानगी नाही. का, ते समजण्यासारखं आहे. शिक्षिकेनंच प्रश्न सांगितले तर उत्तरं कुणाची, अशी शंका लोक काढणार. म्हणून अंधांच्या पर्किन्स संस्थेतल्या युजिन व्हायनिंग या शिक्षकांना नेमलं. ते प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये उतरवून देणार. केलरची आणि त्यांची आधीची ओळख नव्हती. तळहातावर बोलायची पद्धत त्यांना येत नव्हती. पर्यवेक्षकही अनोळखी, आणि त्यानं तिच्याशी काहीच संवाद साधला नाही.

कागदावर बघितलं तर व्यवस्था चोख होती. ब्रेल पेपर, तटस्थ माणूस, संशयाला जागा नाही. फसलं कुठे? बीजगणितात.

त्या काळी अमेरिकेत ब्रेल एक नव्हती. इंग्लिश ब्रेल, अमेरिकन ब्रेल, न्यूयॉर्क पॉइंट अशा तीन लिप्या चालायच्या. केलरला साधा मजकूर तिन्हींत वाचता यायचा. पण बीजगणिताची चिन्हं, म्हणजे कंस, वर्गमूळ वगैरे, तिन्हींत वेगवेगळी. आणि तिनं गणित शिकलं होतं फक्त इंग्लिश ब्रेलमध्ये.

परीक्षेच्या दोन दिवस आधी व्हायनिंगनी तिला सरावासाठी हार्वर्डचा एक जुना पेपर पाठवला. तिनं बोटं फिरवली आणि धक्काच बसला. सगळी चिन्हं अमेरिकन पद्धतीची! तिनं लगेच पत्र लिहून विचारलं. उलट टपाली आणखी एक पेपर आणि चिन्हांचा तक्ता आला. म्हणजे बाकीच्या मुली शेवटची उजळणी करत होत्या, तेव्हा ही बसून नवी चिन्हं पाठ करत होती. परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत तिला कंस आणि वर्गमूळ वेगळे ओळखता येत नव्हते. परीक्षेच्या दिवशी सुरू होण्याच्या थोडं आधी ती आणि तिचे शिक्षक कॉलेजात गेले आणि व्हायनिंगकडून चिन्हं पुन्हा समजून घेतली.

ती पास झाली. १९०० मध्ये रॅडक्लिफला गेली, १९०४ मध्ये पदवीधर झाली. १९०३ च्या आत्मचरित्रात तिनं हा सगळा प्रसंग लिहून ठेवलाय आणि कुणाला दोष दिलेला नाही. आपण तिची परीक्षा किती अवघड करून ठेवतोय हे कॉलेजच्या मंडळाच्या लक्षातच आलं नाही, एवढंच ती सांगते.

आजच्या भागाचा मुद्दा इथेच आहे, मंडळी. कॉलेजनं तिला अडवायचं ठरवलं नव्हतं. उलट माणूस नेमला होता. पण तिला कोणती ब्रेल येते, हे कुणी वेळेत विचारलं नाही. ती हुशार होती, जिद्दी होती म्हणून निभावलं. अशा गोष्टी ऐकल्या की आपण जिद्दीला टाळ्या वाजवतो. पण एक विचार करा. त्या दिवशी बीजगणिताच्या पेपरात नेमकं काय मोजलं गेलं? बीजगणित, की दोन रात्रींत नवी चिन्हं शिकण्याची ताकद?

लेखी परीक्षा मुळात आली कुठून?

आता थोडं मागे जाऊ. आपल्याला वाटतं परीक्षा म्हणजे तीन तास, बेंच, उत्तरपत्रिका, पुरवणी. पण युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत शेकडो वर्षं परीक्षा तोंडीच होती. उभं राहायचं, वाद घालायचा, उत्तरं द्यायची. आपल्याकडच्या पाठशाळांतही शिष्याची पारख पाठांतर आणि शास्त्रार्थ यांवर व्हायची. लेखी पेपरानं जोर धरला तो अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात. विद्यार्थी वाढले, सगळ्यांना एकच प्रश्न द्यायचे आणि मार्कांनी क्रम लावायचा, तर कागद सोयीचा.

म्हणजे वेगानं हातानं लिहिणं ही ज्ञानाची अट कधीच नव्हती. ती एका काळाची व्यवस्था होती. आंधळ्या माणसाला तोंडी परीक्षेत अडचण नव्हती, ती पेपर आल्यावर आली. याउलट ज्याला ऐकू येत नाही किंवा बोलता येत नाही, त्याला तोंडीपेक्षा लेखी बरी. परीक्षेचं रूप बदललं की अडचण कुणाला, तेही बदलतं.

आणि आपल्याकडे हा प्रश्न जास्त गंभीर का? मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ मध्ये. कलकत्ता आणि मद्रासही त्याच वर्षी. तिघांचा नमुना लंडन विद्यापीठाचा. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठानं अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. म्हणजे सुरुवातीला आपलं विद्यापीठ हे मुख्यतः परीक्षा घेणारं कार्यालयच होतं! आजही कॉलेजातली पोरं ‘युनिव्हर्सिटी’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा डोळ्यांसमोर हॉल तिकीट आणि निकाल असतो. अशा व्यवस्थेत परीक्षेचं दार बंद असेल, तर आत वर्ग कितीही चांगला असो, उपयोग शून्य.

ठिपक्यांचं भांडण आणि आपले फॉन्ट

लुई ब्रेलनं सहा ठिपक्यांची लिपी १८२४ च्या सुमारास तयार केली, तेव्हा तो अवघा १५ वर्षांचा होता. ती पुढे जगभर गेली, पण जिथे गेली तिथे लोकांनी आपापले फेरफार केले. केलरला ज्याचा फटका बसला ते अमेरिकेतलं भांडण मिटायला १९३२ उजाडलं. आपल्या देशातही वेगवेगळ्या भाषांसाठी वेगवेगळे ब्रेल नमुने होते. १९५१ मध्ये ‘भारती ब्रेल’ ठरली. त्यात मराठीचा ‘क’ आणि तमिळचा ‘क’ एकाच ठिपक्यांनी लिहिला जातो.

गणिताचं काय? ते सोडवलं अब्राहम नेमेथ या अंध गणितज्ञानं. त्यानं गणिताच्या चिन्हांसाठी स्वतंत्र ब्रेल पद्धत बनवली, ती १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. केलरच्या त्या रात्रीनंतर तब्बल ५३ वर्षांनी. आणि उत्तर शोधणारा माणूस स्वतः त्या अडचणीतून गेलेला होता, हे विसरू नका.

‘बरं, पण आता कोण ब्रेल वाचतंय, फोन आहे की!’ असं कुणीतरी म्हणणारच. खरंय. तुमच्या अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आहे, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आहे. हे स्क्रीन वाचून दाखवतात. संगणकासाठी एनव्हीडीए नावाचं स्क्रीन रीडर तर मोफत आहे. मग प्रश्न सुटला?

नाही सुटला. मराठी प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप व्हायच्या, आणि काही ठिकाणी अजून होतात. त्या फॉन्टमध्ये डोळ्यांना ‘महाराष्ट्र’ दिसतं, पण फाइलच्या पोटात असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट फक्त वरून मराठी मुखवटा चढवतो. स्क्रीन रीडर मुखवटा बघत नाही, तो पोटातलं वाचतो. म्हणून कानावर पडतं काहीतरी अगम्य. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही एखाद्या अंध विद्यार्थ्याला परीक्षेच्या सकाळी जुन्या फॉन्टची फाइल किंवा पेपरचा स्कॅन केलेला फोटो मिळाला, तर त्याची अवस्था थेट १८९९ च्या हेलन केलरसारखी. ‘सॉफ्ट कॉपी दिली ना?’ हो, दिली. पण वाचता येत नाही.

लेखनिकाचा हक्क

आता आपल्या देशातल्या नियमांकडे येऊ. आपल्याकडे सगळ्यात जुना उपाय म्हणजे लेखनिक. कॉलेजात आपण ‘रायटर’ म्हणतो. विद्यार्थी सांगतो, लेखनिक लिहितो. बरीच वर्षं ही गोष्ट मेहेरबानीवर चालली. एखादे प्राचार्य भले असले तर मिळायचा, नाहीतर अर्ज फिरत राहायचा.

१९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल आला. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड विरुद्ध यूपीएससी. अंध उमेदवारांसाठी योग्य ठरवलेल्या पदांकरता त्यांना नागरी सेवा परीक्षेला बसू द्या, आणि ब्रेलमध्ये किंवा लेखनिकाच्या मदतीनं लिहू द्या, असं न्यायालयानं सांगितलं. देशातल्या सगळ्यात मोठ्या परीक्षेचं दार उघडलं.

१९९५ मध्ये संसदेनं अपंग व्यक्तींसाठी कायदा केला. त्यात शिक्षणसंस्थांनी अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना लेखनिक द्यावा असं स्पष्ट म्हटलं. मोठं पाऊल. पण त्याच कायद्याच्या कलम ३० मध्ये आणखी एक गोष्ट होती : अंध विद्यार्थ्यांच्या फायद्यासाठी निव्वळ गणिती प्रश्न परीक्षेतून काढून टाकावेत!

हेतू चांगलाच होता. पण बघा ना, १८९९ मध्ये एक अंध मुलगी बीजगणिताचा पेपर देते, १९५२ मध्ये अंध गणितज्ञ चिन्हांची लिपी देतो, आणि १९९५ मध्ये आपण म्हणतो, ‘जाऊ दे, गणितच काढून टाकू.’ चिन्हं वाचता यावीत अशी सोय करायची, की विषयच वगळायचा? विषय वगळला की मार्कांचा प्रश्न सुटतो, पण त्या विद्यार्थ्यासाठी विज्ञान, अर्थशास्त्र, संगणक अशी दारं लहानपणीच बंद होतात. सोय आणि सूट यांच्यातला फरक इथे दिसतो.

२००३ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी संसाधन केंद्र सुरू झालं. स्क्रीन रीडर, वाचता येणारी पुस्तकं, परीक्षेच्या सोयींसाठी पाठपुरावा, असं काम तिथे उभं राहिलं. उल्हासनगरची प्रांजल पाटील याच कॉलेजात शिकली. पुढे यूपीएससी उत्तीर्ण होऊन ती आयएएस झाली आणि २०१९ मध्ये तिनं तिरुवनंतपुरमला सब-कलेक्टर म्हणून पदभार घेतला. तिच्या मेहनतीचं कौतुक आहेच. पण ती ज्या परीक्षेला बसली, तिचं दार १९९३ मध्ये लोकांनी न्यायालयात जाऊन उघडलं होतं, हेही त्याच गोष्टीत येतं.

भरपाईचा वेळ

२६ फेब्रुवारी २०१३ ला केंद्र सरकारनं लेखी परीक्षांसाठी एकसारखी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ही वाचण्यासारखी आहेत. दर तासाला किमान २० मिनिटं जास्त, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. ब्रेल, संगणक, मोठ्या अक्षरांतला पेपर, यातलं काय हवं ते उमेदवारानं निवडायचं. संगणकावर पेपर देणार असाल तर आदल्या दिवशी तो तपासून बघायची मुभा.

आणि एक छोटा बदल. ‘जादा वेळ’ हा शब्द वापरू नका, ‘भरपाई वेळ’ म्हणा, असं त्यात सांगितलं. शब्दाचा खेळ वाटेल, पण नीट ऐका. जादा म्हणजे इतरांपेक्षा वरचं काहीतरी. भरपाई म्हणजे जे आधी कापलं गेलंय ते परत. लेखनिकाला प्रश्न वाचायला लागणारा वेळ, उत्तर सांगण्याचा वेळ, लिहिलेलं पुन्हा ऐकण्याचा वेळ. गिलमन १८९७ मध्ये जे करत होते ना, तेच. केलरनं लिहून ठेवलंय की पुढे रॅडक्लिफमध्ये तिला तिचे पेपर कुणी परत वाचून दाखवत नसे. वेळ उरला तर दुरुस्ती, नाहीतर राहिली चूक.

लेखनिकाच्या बाबतीत मात्र सरकारचंच मन डळमळलं. २०१३ चे नियम म्हणत होते, लेखनिकाच्या शिक्षणावर, मार्कांवर, वयावर बंधन नको, त्यापेक्षा पर्यवेक्षण चांगलं करा. २०१८ च्या सुधारित नियमांत आलं, की उमेदवारानं स्वतः लेखनिक आणला तर तो एक पायरी कमी शिकलेला हवा. कारण तीच जुनी शंका : उत्तर नक्की कुणाचं? १८९९ मध्ये ॲन सलिव्हनला ज्या कारणानं बाहेर ठेवलं, तेच हे. शंका अगदीच चुकीची आहे असं नाही. गैरप्रकार होऊ शकतात. पण बीएस्सीच्या मुलाला असा लेखनिक हवा, की ज्याला इंटिग्रलचं चिन्ह काढता येतं, पण जो फार शिकलेलाही नाही. शोधा आता! परीक्षा तीन दिवसांवर, आणि हा मुलगा अभ्यास सोडून लेखनिक शोधत गावभर फिरतोय. बाकीच्यांनी फक्त अभ्यास करायचा, यानं अभ्यासही करायचा आणि माणूसही शोधायचा.

४० टक्क्यांची भिंत

इथपर्यंत आपण मुख्यतः अंध विद्यार्थ्यांबद्दल बोललो. कारण इतिहास तिथून सुरू होतो. पण अडचण डोळ्यांचीच असते असं थोडंच आहे?

महाराष्ट्रानं यात एक गोष्ट लवकर केली. १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या, म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे असलेल्या मुलांना शालान्त परीक्षेत सवलती द्यायला राज्यानं सुरुवात केली. ‘तारे जमीन पर’ आला २००७ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी.

२०१६ च्या नव्या दिव्यांग हक्क कायद्यानं यादी ७ वरून २१ प्रकारांपर्यंत नेली. त्यात अध्ययन अक्षमता आहे, मानसिक आजार आहेत, आणि सिकलसेलही आहे. गडचिरोली-नंदुरबारकडच्या श्रोत्यांना सिकलसेल काय ते सांगायला नको. वेदनेची लाट आली तर मुलाला पेपर लिहिता येत नाही. त्याला लेखनिकापेक्षा पाण्याची बाटली, मध्ये विश्रांती आणि त्या दिवशी पेपर हुकलाच तर पुन्हा संधी, हे जास्त कामाचं. म्हणजे सगळ्यांना एकच सोय लागू करून चालत नाही.

पण एक भिंत राहिली होती. ४० टक्के. प्रमाणपत्रावर ४० टक्के दिव्यांगत्व असेल तरच लेखनिक. एका तरुण डॉक्टरला ‘रायटर्स क्रॅम्प’ होता. लिहायला लागलं की हाताचे स्नायू आखडतात. यूपीएससीनं लेखनिक नाकारला. एम्सच्या मंडळानं त्याचं दिव्यांगत्व मोजलं, ६ टक्के! आता गंमत बघा. हात एरवी बऱ्यापैकी चालतो, म्हणून ६ टक्के. पण परीक्षा तर लिहिण्याचीच आहे, आणि लिहिणंच जमत नाही. त्या हॉलमध्ये त्याची अडचण किती टक्के?

११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं ‘विकास कुमार विरुद्ध यूपीएससी’ या खटल्यात निकाल दिला. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या गोष्टींसाठी आहे, लेखनिकासाठी ती लावता येणार नाही. गैरवापर होईल या भीतीनं खऱ्या गरजूला नाकारता येणार नाही. आणि नवे नियम करताना दिव्यांग व्यक्तींशी चर्चा करा. ते नियम १० ऑगस्ट २०२२ ला आले.

त्याच २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आणखी एक निकाल. डिसग्राफिया असलेल्या एका मुलीला नीट परीक्षेत हक्काचा एक तास मिळालाच नाही, पेपर काढून घेतला. न्यायालयानं सगळी परीक्षा पुन्हा घ्यायला लावली नाही, पण परीक्षा घेणाऱ्या संस्थेला सांगितलं, हा अन्याय भरून काढण्यासाठी काय करता येईल ते ठरवा. स्पर्धा मोठी आहे म्हणून एकीवर झालेला अन्याय विसरता येत नाही. या खटल्यात नियम होता, कागदावर होता. हॉलमधल्या माणसाला तो माहीत नव्हता, एवढंच. आणि तेवढंच पुरेसं ठरलं.

मग चांगली सोय म्हणजे काय?

हा सगळा इतिहास ऐकल्यावर, विद्यापीठाच्या परीक्षा विभागात उद्या तुम्हाला बसवलं तर काय कराल? माझ्या मते चार गोष्टी.

एक, विचारा, आणि लवकर विचारा. प्रवेशाच्या वेळीच एकदा. दर सेमिस्टरला नवा अर्ज, नवी झेरॉक्स, नवी सही कशाला? रॅडक्लिफनं एक पत्र दोन महिने आधी पाठवलं असतं, तर केलरची ती रात्र वाचली असती.

दोन, रंगीत तालीम करा. फाइल युनिकोडमध्ये आहे का, स्क्रीन रीडर ती वाचतो का, आकृतीचं वर्णन शब्दांत दिलंय का, ऑनलाइन पेपरात भरपाईचा वेळ सिस्टिममध्ये टाकलाय का, की वेळ संपताच पेपर आपोआप सबमिट होतोय? हे आदल्या दिवशी कळायला हवं.

तीन, हॉलमधल्या शेवटच्या माणसापर्यंत नियम पोचवा. केंद्रप्रमुखाला माहीत आहे आणि सुपरवायझरला नाही, तर विद्यार्थ्यासाठी तो नियम नाहीच. वर्ग तळमजल्यावर आहे का, व्हीलचेअर बेंचखाली जाते का, ज्यांना ऐकू येत नाही त्यांना तोंडी दिलेल्या सूचना लिहून मिळतात का, हेही यातच आलं.

चार, पेपर काढतानाच ठरवा की आपल्याला मोजायचं काय आहे. इतिहासाच्या पेपरात इतिहासाची समज मोजायची असेल, तर हस्ताक्षराचा वेग मोजू नका. टायपिंगच्या परीक्षेत वेग मोजा, तिथे तो विषयच आहे. हा प्रश्न एकदा नीट सोडवला की ‘सवलत द्यावी की नाही’ हा वाद निम्मा तिथेच संपतो.

आणि आता तुमच्यासाठी. तुमच्यापैकी अनेकांना मित्राचा, एनएसएसमधून, किंवा ओळखीतून फोन येईल : ‘अरे, लेखनिक म्हणून येशील का?’ नियमांत बसत असाल तर जा. फक्त काही गोष्टी सांभाळा. आदल्या दिवशी एकदा भेटा, त्यांची सांगण्याची पद्धत समजून घ्या. प्रश्न पूर्ण वाचा, मार्कांसकट. ते सांगतील तेच आणि तसंच लिहा. आपलं शहाणपण घालू नका, चूकही परस्पर दुरुस्त करू नका. आणि शेवटी, वेळ ठेवून, लिहिलेलं सगळं त्यांना एकदा वाचून दाखवा.

हे वाचून दाखवणं उमेदवार क्रमांक २३३ ला एकदाच मिळालं होतं, आणि पुढच्या परीक्षांत मिळालं नाही याची तिनं आठवणीनं नोंद केली. तुमच्या शेजारी बसलेल्याच्या बाबतीत तसं होऊ देऊ नका.

तर मंडळी, आजच्या भागात इतकंच. तुमच्या कॉलेजात यातलं काय होतं आणि काय होत नाही, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. आणि परीक्षा विभागात कुणी ओळखीचं असेल, तर हा भाग त्यांना पाठवा, पण हॉल तिकिटं निघायच्या आधी! भेटू पुढच्या भागात.